चांदबिबीचं नगर आणि आमच्या अनूचा कारभार

ये शालू, अशी जवळ सरकून बस. हातातलं निवडणं ठेव बाजूला, तांदळातले खडे कुठं पळून जात नाहीत. मी रागावलेय तुझ्यावर, आधी तेच सांगते. "आत्या, मी येते, मला न्याच," असा धोशा लावलास आणि निघायच्या दिवशी पोराला खोकला झाल्याचा निरोप! खोकला काय मोटारीत बसवून नेता आला नसता? असू दे. डोळ्यांनी बघायचं होतं ते आता ऐकून घे, आणि शेजारणींनाही वाचून दाखव. अक्षर वाकडं आहे ते चालवून घ्या. पाटीवर गिरवायला लागले तेव्हा माझे केस पिकायला लागले होते.

गेले कशासाठी, ते आधी सांगते. आपली अनसूया, तुझी चुलत बहीण, पारनेर तालुक्यात दिलेली. नवरा गेला तेव्हा तिचा दौलत नुकता चालायला लागला होता. जमीन दौलतच्या नावावर, आणि तो अज्ञान, म्हणून कारभार आईकडे. हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असं, की संक्रांत उलटल्यावर अनूचे थोरले दीर रंगराव स्वतः साताऱ्याला आले. माझ्या ओसरीवर बसले. चहा नको म्हणाले, पाणीही नको म्हणाले. पाणी नाकारणारा पाहुणा चांगलं बोलायला आलेला नसतो.

"आत्याबाई," ते म्हणाले, "तुमची भाची जमीन घालवाय निघालीय. लवणातला, खालच्या सखल रानातला, आंब्याचा तुकडा तुळाजीला देती म्हनं. तुळाजी म्हंजी कोन, तर इहिरीच्या पाळीवरनं आमच्या बापाशी जलमभर भांडला त्यो. आन् सारखी नगरला जाती. इचारलं तर औषिदाला म्हनती. दिसायला तर धडधाकट हाय."

"मग आता काय करता?"

"पाडव्याआधी भावकी बसवतोय. कारभार तिच्याकडं ऱ्हाऊ द्यायचा का माझ्याकडं घ्यायचा, त्ये ठरवाया. तुमी माहेरचं थोरलं मानूस. आधी येऊन ऱ्हावा, बगा, आन् बैठकीत काय दिसलं त्ये सांगा. तुमी म्हनाल तसं हुईल."

आता तू म्हणशील, भाची आपली, तिच्यावर काय संशय घ्यायचा! अगं, संशय काय नातं बघून येतो? दर दिवाळीला निरोप धाडणारी पोर, यंदा गप्प होती. मला आधीच काहीतरी टोचत होतं. रंगरावांनी त्यावर बोट ठेवलं, इतकंच.

घोडनदीच्या पलीकडे

पुण्यापर्यंतचं सांगत नाही, गाडी आणि गर्दी तुला माहीत आहे. पुढची सर्व्हिस मोटार मात्र ऐकण्यासारखी. लढाईमुळं पेट्रोल नाही, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. तिच्या धुरावर मोटार चालते. चढ आला की चालते कसली, धापा टाकते. एका चढावर क्लीनर ओरडला, "बाप्ये उतरा, ढकला!" बाप्ये उतरले. एक म्हातारा म्हणाला, "तिकीट बसायचं काढलंय का ढकलायचं?" क्लीनर म्हणाला, "बाबा, बसायचं कालच संपलं." मी आत बसून होते, नाकाडोळ्यांत काजळी. पदरानं तोंड पुसलं तर पदरच काळा झाला.

घोडनदी ओलांडली आणि आपल्याकडची हिरवळ संपली. कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला तो मुलूख पहिल्यांदा रुसल्यासारखा वाटतो. डोंगर आहेत, पण माथे सपाट, भाकरी थापून ठेवावी तसे. बाजरीचं धसकट, बाभळी, आणि मधूनच एखादी विहीर. तिच्याभोवती एवढासा हिरवा तुकडा. तिथं माणसं जमीन किती विचारत नाहीत, पाण्याची पाळी किती ते विचारतात. एका विहिरीत चार घरांचा वाटा असतो, आणि ज्याची पाळी त्याच दिवशी त्याची मोट. मोटेवरून तिथं डोकी फुटतात.

शेजारी एक बाई बसली होती, तोंडाची गोड. कुठं निघालात, कुणाकडं, सगळं विचारलं. मी अनूच्या घरचं नाव सांगितलं तर तिनं मान वळवली.

"व्हय व्हय. त्या बाई. लई हुशार."

आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाईला कुणी अशा आवाजात हुशार म्हटलं की त्याच्यापुढचा 'पण' न बोलताही ऐकू येतो. सुप्याला उतरले तेव्हा माझ्या मनात तो 'पण' पुरता बसला होता.

रस्त्याच्या अलीकडं आणि पलीकडं

अनूनं गाडी पाठवली होती. घर माळवदाचं, स्वच्छ सारवलेलं. तिनं पायांवर पाणी घातलं, कुळथाचे शेंगोळे केले. तिथं कुळथाला हुलगे म्हणतात. पिठाच्या वळकट्या लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवायच्या आणि बाजरीच्या भाकरीशी ओरपायच्या. आपल्या घेवड्याच्या आमटीला त्याच्यापुढं पोरकट म्हणावं लागेल. मी दोनदा मागून घेतले. पण खाताना बघत होते हो. पोरगी वाळली होती. बोलत होती, पण एका मापात.

त्या घरची एक रीत सांगते, ती ध्यानात ठेव. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. आपल्याकडंही आहे म्हणशील, पण आपल्याकडं दाराआडून का होईना दोन शब्द चालतात. तिथं आवाजसुद्धा कानावर पडता कामा नये. भाऊ गेल्यापासून तर रंगराव तिच्या ओसरीची पायरी चढलेले नाहीत. रस्त्याच्या अलीकडं अनू, पलीकडं रंगराव, आणि मधे केरूनाना. हे त्यांच्या दूरच्या नात्यातले म्हातारे, अनूच्या सोप्यात राहतात. अनूचं बोलणं तिकडं न्यायचं, तिकडचं इकडं आणायचं, हे त्यांचं काम. स्वभावानं लोणी. कुत्र्यालासुद्धा "सरा की जरा" म्हणतात.

दुसऱ्या दिवशी रंगरावांनी मला जेवायला बोलावलं. निघताना अनू नानांना सांगत होती, "त्यास्नी म्हनावं, बैल आज देता येत न्हाईत. माझीच मोट हाय. परवा न्या." मी ऐकलं. पलीकडं जाऊन पाटावर बसले तोवर नाना काठी टेकत आले आणि रंगरावांना म्हणाले, "बैल आपलेच हायेत म्हनत्यात. सवडीनं न्या."

माझा घास हातात राहिला. शालू, मी काय समजले असेन? मी समजले, माझ्या देखत एक बोलते आणि मागून नानांच्या कानात दुसरं सांगते. दुपारी रंगरावांचा गडी बैल सोडायला आला, अनूच्या गड्यानं धरले, दोघांची जुंपली. रंगराव रस्त्यात उभे राहून मला म्हणाले, "बगितलंत? तोंडावर गोड, आन् मागनं ह्ये आसं."

मी मान हलवली.

संध्याकाळी अनू म्हणाली, "आत्या, मला उद्या नगरला जायचंय. तुमीबी चला. माझं काम हाय जरा. तवर सलोमीबाई तुमाला चांदबिबीचा महाल दाखवतील. लई लांबनं लोक येत्यात बगायला."

मला पटकन वाटलं, ही मला महाल दाखवत नाहीये, वाटेतून बाजूला करतेय. तरी हो म्हणाले. लांब राहून काय दिसणार होतं?

किल्ला, बाहेरून

सलोमीबाई नगरला मुलींच्या शाळेत शिकवतात. किरिस्ताव आहेत, आजोबांपासूनचे. आजोबा मूळचे अनूच्याच गावच्या वेशीबाहेरचे. अनूनं मला त्यांच्या दारात उतरवलं आणि "येते सांजेपस्तोर" म्हणून भराभर निघून गेली. कुठल्या बाजूला वळली ते मी वाकून बघून ठेवलं. बाजारपेठेकडं, दवाखान्याकडं नाही.

सलोमीबाईंनी गुळाचा चहा पुढं केला, साखर रेशनवर. माझा हात जरा अडला, खोटं कशाला लिहू. त्यांनी ओळखलं आणि नुसत्या म्हणाल्या, "नको असंल तर राहू द्या आजी, मला वाईट वाटत न्हाई." ते ऐकून मलाच वाईट वाटलं. घेतला. आलं घातलेलं होतं, चांगला होता.

टांगा ठरवला. टांगेवाले चाचा पिकल्या दाढीचे, घोड्याशी सारखे बोलणारे. भिंगारकडच्या रस्त्यानं किल्ला लागतो. साताऱ्याचा किल्ला कसा, मान वर करून बघावा लागतो. हा सपाटीवर, गोल, भोवती खंदक, झाडीत दडून बसलेला. दिसेपर्यंत दिसत नाही. मी म्हटलं, "आत जाऊ या."

चाचा हसले. "आजी, अंदर जाना आसान है, बाहर आना मुश्किल है." आत सरकारनं मोठी मोठी पुढारी माणसं कोंडलेली, कोण कोण आहेत ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी टांग्यातून उतरून खंदकाकडं दोन पावलं टाकली तर शिपाई आला.

"ए म्हातारे, काय बगतीस?"

"किल्ला."

"कशाला?"

"चांदबिबीचा आहे म्हणून."

"ती न्हाई आता हितं," तो म्हणाला, आणि गाठोडं सोडायला लावलं. भाकरी, लाल तिखट, माझा चष्मा. चष्म्याच्या घरात बोट घालून बघितलं. मला राग आला आणि हसूही. ह्या गावात कुणी कुणावर म्हणून विश्वास ठेवत नाही, असं मनात आलं, आणि लगेच आलं, तू तरी इथं कशासाठी आली आहेस?

टांगा पुढं निघाल्यावर सलोमीबाई सांगायला लागल्या. वर्गात सांगतात तसं, थांबून थांबून.

"ती ह्याच नगरची लेक. बाप इथला निजामशहा. लगीन लावलं इजापूरच्या आदिलशहाशी, दोन दरबारांतली भांडणं मिटावी म्हणून. नवरा तिला संगट घेऊन घोड्यावर फिरायचा. शिकार, स्वारी, सगळीकडं. पुढं त्यो मारला गेला. पोटी लेकरू न्हाई. गादीवर नवऱ्याचा पुतण्या, लहानगा. त्याच्या वतीनं राज्य हिनं चालवलं."

"बाईनं? दरबारात बसून?"

"बसून. कारभारी मात्र एकापेक्षा एक. ज्याच्या हाती कारभार दिला त्यो म्हणायचा, बाई कशाला पायजे मधी? त्यातल्या एकानं तर तिलाच धरून किल्ल्यावर कोंडलं." त्या माझ्याकडं वळल्या. "तुमच्या साताऱ्याच्या."

"कुठं?"

"साताऱ्याच्या किल्ल्यावर, आजी."

शालू, माझ्या परसातून तो किल्ला दिसतो. जन्मभर मी त्याच्याकडं बघून पाऊस येणार की नाही ते ठरवलं. तिथं वर कुणी एका लेकराच्या राज्याची राखणदार कैदेत बसली होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तिचा गुन्हा काय?"

"गुन्हा कशाला लागतो? फितूर झाली म्हणायचं. पुढं लोकांनीच तिची सुटका करवली."

डोंगरावरचा घुमट

गावाबाहेर बऱ्याच अंतरावर डोंगर, त्याच्या माथ्यावर आठ बाजूंची दगडी इमारत, मजल्यावर मजले. लांबून बघितलं तर कुणी अर्धवट सोडून गेल्यासारखी वाटते. पायथ्याशी टांगा सोडला. चढताना माझी चप्पल तुटली, ती मी कमरेला खोचली, आणि सलोमीबाईंच्या खांद्याला धरून चढले. वर वारा असा की पदर डोक्यावर ठरेना.

"हाच तिचा महाल?" मी विचारलं.

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण ही कबर हाय. इथल्या एका वजिराची. तिचा ह्याच्याशी काही संबंध न्हाई."

"आणि तिची कबर?"

"इथं कुठं न्हाई. देह लांब परदेशी नेला म्हणतात."

ऐक म्हणजे. चांदबिबीच्या गावात चांदबिबीचं म्हणून जे दाखवतात ते एका पुरुषाचं थडगं! मी दगडावर बसले आणि म्हटलं, "बाई, मग बाकीचं तरी खरं आहे का? की तेही असंच?"

त्या हसल्या. "खरं तेवढं सांगते." आणि सांगितलं ते असं. विजापूरचा पुतण्या मोठा झाल्यावर ही माहेरी आली. इथं गादीवरून चार सरदारांचे चार तट, प्रत्येकाचा वेगळा वारस. त्यातल्या एकानं दिल्लीच्या मोगलालाच बोलावलं. फौज आली. बाकीचे पांगले. हिनं किल्ल्याची दारं लावली आणि भावाच्या नातवाच्या नावानं, तोही तान्हाच, कारभार हाती घेतला. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. तट फुटला, माणसं पळायला लागली. तेव्हा ही तोंडावर बुरखा, हातात तलवार अशी भगदाडात येऊन उभी राहिली, आणि उजाडायच्या आत तट बांधून काढला.

"गोळे संपले तशा सोन्याच्या मोहरा तोफेत भरल्या म्हणतात," सलोमीबाई म्हणाल्या.

"ते मला नाही पटत," मी म्हटलं. "बाई सोनं असं नाही उधळणार. लेकराचं होतं ना ते?"

"मलाबी न्हाई पटत," त्या म्हणाल्या. "पण पुढचं पटतं. मोगल हटंना, हिच्याकडं दाणा संपला. मग तिनं वऱ्हाड देऊन टाकलं."

"देऊन टाकलं?"

"सबंध वऱ्हाड. ते दिलं आणि नगर राखलं."

 लवणातला तुकडा डोळ्यांपुढं आला. मनात म्हटलं, देणाऱ्या सगळ्याच राखण्यासाठी देत नाहीत.

"मग मेली कशी?"

"मोगल पुन्हा आले. ह्या खेपेला तिला दिसलं, टिकाव लागणार न्हाई. किल्ला द्यावा आणि पोराला सुखरूप बाहेर काढावं, असं तिनं एका सरदारापाशी बोलून दाखवलं. एकाचपाशी. त्यो बाहेर जाऊन वरडला, बाई फितूर झाली, बाईनं किल्ला इकला. तिचीच माणसं तिच्या महालात घुसली आणि तिला मारलं. कुणी म्हणतं तिनं इहिरीत उडी घेतली. मारलं हेच खरं."

"आणि किल्ला?"

"पडला. पोरगं कैदेत गेलं."

खाली सगळं नगर दिसत होतं, किल्ल्याची गोल झाडी, धुरकट. मी विचारलं, "तिला कुणी विचारलं का गं, की तू असं का करतेस?"

सलोमीबाईंनी पदर कानामागं खोचला. "बुरख्यातल्या बाईला इचारायचं कुणी? तिचं बोलणं दुसऱ्याच्याच तोंडून बाहेर यायचं."

भाकरी तिथंच खाल्ली. चाचा खाली वाट बघत होते. परतताना ते शिंगणापूरचं सांगत होते, तिथं घरांना दारं नाहीत, कुलूप नाही, शनिदेवाची राखण. "चोरी होतच नाही," म्हणाले. मी म्हटलं, चोरी होत नाही की नेण्यासारखं काही नाही? ते घोड्याला म्हणाले, "सुनता है? आजी पुलिसवालीसे भी बढकर!"

हसत होते तोवर टांगा बाजारपेठेत वळला, आणि मला अनू दिसली.

एका वकिलाच्या पाटीखाली उभी. शेजारी एक उंच माणूस, पिळदार मिशांचा, कानात भिकबाळी. तो हात जोडून काहीतरी म्हणत होता आणि अनू तोंडाला पदर लावून हसत होती. मी आल्यापासून ती हसलेली बघितली नव्हती.

"तो कोण?" मी विचारलं.

सलोमीबाईंनी बघितलं आणि नजर काढून घेतली. "तुळाजी," म्हणाल्या. "पण आजी—"

मी पुढचं ऐकलं नाही.

सुप्याहून गावाकडं

बैलगाडीत आम्ही दोघीच, पुढं गडी.  अर्ध्या वाटेत मी म्हटलं, "मिळालं का औषध?"

"मिळालं."

"कुठं ठेवलंस? दाखव की."

अनूनं माझ्याकडं सरळ बघितलं. "आत्या, तुमाला साताऱ्याहून कुनी बोलावलं, मला ठाव हाय. तुमी थोरल्या भाऊजींच्या सांगन्यावरनं आलात. बैठकीत तुमीच बोलनार हाय. मग मी तुमाला काय म्हनून सांगू? तुमी कुनाच्या बाजूच्या, त्ये तरी मला कळू द्या."

घे! मी तिच्यावर पाळत ठेवून होते आणि ती माझ्यावर. मी म्हटलं, "मी दौलतच्या बाजूची."

"मीबी," ती म्हणाली, आणि पुढं घरापर्यंत रस्त्याकडं बघत राहिली.

ओसरी

बैठक दुसऱ्याच दिवशी सकाळी बसली. अनूच्याच ओसरीवर, आणि त्यासाठी रंगराव कितीतरी दिवसांनी ती पायरी चढले. भावकीतली दोन वडीलधारी माणसं, खांबाला टेकून केरूनाना. मी माजघराच्या दारात पाट घेऊन, कारण माहेरच्या म्हातारीला तेवढी मोकळीक असते. अनू माझ्या पाठीमागं, दाराआड. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

रंगराव म्हणाले, "आत्याबाई, तुमी संगट राहून बगितलंय. बोला. जमीन द्यायचं चाललंय का न्हाई? तुळाजीला भेटती का न्हाई?"

माझ्याजवळ उत्तर होतं, शालू. भेटते. हसून बोलते. औषध आणलेलं नाही. सगळं डोळ्यांनी बघितलेलं. जिभेवर आलं होतं. आणि तो वारा आठवला वरचा, आणि ते भलत्याच नावानं दाखवलेलं थडगं.

"बोलते," मी म्हटलं. "पण आधी तुम्ही सांगा. तुम्ही तिला विचारलंत का?"

"मी कसा इचारनार? भावजय हाय ती. नानांच्या तोंडून इचारलं."

"मग तिनं काय सांगितलं?"

"लवणातला तुकडा देते म्हनाली. बास."

माझ्या मागं खसकन काहीतरी हललं. मी मान न वळवता म्हटलं, "अनू, रीत मोडू नकोस. मला सांग. नानांना तू काय निरोप दिला होतास? होता तसा सांग."

ती मला सांगायला लागली, पण आवाज असा काढला की गल्लीत ऐकू जावा. "मी म्हनाले, भाऊजींना सांगा, लवणातला तुकडा तुळाजीला देऊ, त्याच्या बदल्यात त्यो इहिरीतली त्याची पाळी कायमची सोडतोय. तुमी ह्यात पडू नका, कुठं बोलू नका, आन् कोर्टाची परवानगी मिळंपस्तोर गप ऱ्हावा."

 सगळ्यांची तोंडं केरूनानांकडं.

नानांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "आसंच म्हनाल्या हुत्या," ते म्हणाले.

"मग मला नुस्ता तुकडा का सांगितला?" रंगरावांचा आवाज चढला.

"आता तुमीच बगा रंगराव," नाना काकुळतीनं म्हणाले, "धाकल्या भावजयीनं थोरल्याला 'पडू नका' म्हनायचं, 'गप ऱ्हावा' म्हनायचं... त्ये मी कोनत्या तोंडानं आनू? घराची अदब हाय का न्हाई? म्हून मागचं ठिवलं आन् पुढचं तेवढं आनलं."

"आणि बैल?" मी विचारलं.

"बैल देत न्हाई, आसं थोरल्याला कुनी म्हनतं का?"

एका वडीलधाऱ्याला हसू फुटलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. रंगराव मात्र हसले नाहीत. ते माझ्याइतकेच संशयी. "तुळाजी पाणी सोडील?" म्हणाले. "पाण्यापायी जलमभर भांडलेलं घर त्ये! ह्यात कायतरी काळंबेरं हाय. नाना, इचारा तिला."

नाना उठायला लागले. आणि शालू, माझ्या खांद्यावर हात आला. मला बाजूला करून अनू उंबऱ्याच्या बाहेर आली. पदर कपाळापर्यंत, नजर जमिनीला. पण उभी. वडीलधाऱ्यांनी माना फिरवल्या. केरूनाना म्हणाले, "आगं बाई, बाई..."

"बसा नाना तुमी," अनू म्हणाली. "भाऊजी, तुळाजीच्या घरच्या बाया दिवाळीपासनं आपल्या इहिरीवर धुनं घेऊन येत न्हाईत. मी म्हनलं, कुठं धुत्यात? जाऊन बगितलं. वस्तीच्या मागं त्यानं नवी इहीर पाडलीय, वर कडबा टाकून झाकलीय. पाणी लई लागलंय. त्याला आपल्या इहिरीतली पाळी आता नुस्ती वैरासाठी धरून ठिवायचीय. पन वस्तीवर गाडी न्यायला त्याला रस्ता न्हाई. रस्ता निघंल त्यो आपल्या लवणातनंच."

अनूनं पदर सारखा केला.

"तुमाला सांगितलं आसतं तर तुमी चावडीवर जाऊन त्याला फाडून खाल्ला आसता. मग मिशीपायी त्यानं पाळी सोडली नसती. पोराची जमीन हाय म्हून वकील म्हनला, कोर्टाची परवानगी काढा. त्यापायी नगर. काल परवानगी आली. तुळाजी हात जोडून म्हनत हुता, बाई, इहिरीचं तुमाला कुनी सांगितलं? मी म्हनलं, तुमच्या बायकांच्या धुन्यानं."

तेव्हा ती हसली होती.

रंगरावांनी पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं, पुन्हा डोक्यावर घातलं. मला वाटलं, आता उठून जातील. बाई समोर येऊन बोलली, तेवढंच धरून बसतील. त्यांनी नानांकडं बघितलं, नाना खांबाला धरून उठायच्या बेतात. रंगरावांनी हातानं त्यांना खाली बसवलं, आणि अनूच्या पायांकडं बघत म्हणाले,

"रस्ता किती रुंद मागतोय त्यो, पोरी?"

"एक गाडी जाईल एवढा."

"आंबे?"

"वरचे दोन आपल्याकडं राखलेत."

"मग पाळीचं पाणी दौलतच्या रानाला आधी घे," ते म्हणाले. "माझं मागनं."

बैठक मोडली. मला कुणी काही विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. दुपारी रंगरावांच्या घरून पुरणपोळ्या आल्या. आणून देणारे केरूनाना म्हणत होते, "आता माझं काम काय ऱ्हायलं ह्या घरात?" अनूनं त्यांना पहिली पोळी वाढली.

माझा संशय सगळा गेला का विचारशील, तर नाही गेला. रंगराव कायम असे राहतील का, तुळाजी आपला शब्द पाळेल का, ह्याची मी खात्री देत नाही. आणि त्या दुसऱ्या बाईचं, चांदबिबीचंही मला अजून कोडंच आहे. खरंच तिला पोराला वाचवायचं होतं, की थकली होती, की आणखी काही होतं? तिला समोर बसवून विचारायला हवं होतं. ते राहिलं, आणि आता कुणाला विचारायचं?

म्हणून शालू, एवढं वाचून कागद घडी करून ठेवू नकोस. तूही हल्ली सगळे निरोप आमच्या जावयांच्या तोंडून पाठवतेस, आणि ते केरूनानांहून गोड आहेत. पोराचा खोकला बरा असो वा नसो, त्याला घेऊन ये. परसातून किल्ला दाखवते, शेंगोळे मला आता येतात. लवकर ये, आणि खरंच खोकला होता का, ते माझ्यासमोर बसून सांग.